अर्ध्या कमाईचं झाड

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांची जाळी दिसायला लागली, की शेतकरी म्हणतो, केवडा आला. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्याची पहिली नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यातून झाली. शंभर वर्षं उलटली तरी भेंडीवाल्याची त्याच्यापासून सुटका झालेली नाही. हरभऱ्याचा किंवा उसाचा कोवळा शेंडा पांढुरका दिसला, तर लोह कमी पडतंय का, हे बघावं लागतं. शेतात पानानं हिरवा रंग सोडला म्हणजे नुकसान ठरलेलं. त्याच शेताशेजारच्या रोपवाटिकेत मात्र पांढऱ्या किंवा पिवळ्या काठाच्या रोपाला साध्या हिरव्या रोपापेक्षा जास्त भाव मिळतो. दोन्हीकडे घडलेलं एकच असतं: पानाच्या काही भागातलं हरितद्रव्य गेलेलं असतं. भेंडीत ते बाहेरून आलेल्या विषाणूनं घालवलं. कुंडीतल्या रोपात ते त्याच्याच एखाद्या पेशीत झालेल्या बिघाडामुळे गेलं, आणि माणसाला तो बिघाड आवडला म्हणून त्यानं फांद्या तोडून तोडून तो जगभर पसरवला.

अशा एका रोपाची निगा कशी राखायची, ते या प्रकरणात बघू. तीही छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात, कारण झाडांबद्दलचा सल्ला गाव सांगितल्याशिवाय देता येत नाही. छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की पडेगाव येतं. पुढे मिटमिटा, मग शरणापूर. (उसाच्या संशोधन केंद्रामुळे नाव झालेलं पडेगाव ते फलटणकडचं. ते वेगळं.) हा सगळा पट्टा बेसाल्टच्या खडकाचा. वर कुठे काळी माती, कुठे उघडा मुरूम. वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १०-१२ पर्यंत उतरतो. शहराला पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि कैक वर्षं ते नळाला काही दिवसांआडच येत आलं आहे. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातून आधी माणसं, मग झाडं. अशा गावात जाड पानांची, अंगात पाणी साठवणारी झाडं लोकप्रिय झाली तर त्यात फॅशनपेक्षा व्यवहार जास्त आहे.

रोप आहे पोर्तुलाकारिया आफ्रा, त्याचा पांढऱ्या काठाचा प्रकार. आपल्याकडच्या रोपवाटिकांत हे ‘व्हेरिगेटेड जेड’ म्हणून मिळतं. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा; त्याची पानं मोठी, मांसल, लांबट आणि खोड करडं-हिरवं. पोर्तुलाकारियाची पानं हरभऱ्याच्या डाळीएवढी ते नखाएवढी, गोलसर, आणि कोवळ्या फांद्या तांबूस. काठाच्या प्रकारात पानाच्या मध्यावर हिरवा ठिपका राहतो, कडा मलईच्या रंगाच्या होतात, आणि ऊन व थंडी दोन्ही नीट मिळाली तर त्या कडेला गुलाबी रेघ उमटते. ती गुलाबी छटा बीट, लाल माठ आणि बोगनवेल यांच्या रंगद्रव्यांच्या कुळातली, बीटालेन नावाची. गुलाबात किंवा जांभळात असतं ते अँथोसायनिन इथे नसतं.

मूळ झाड दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातलं. तिथल्या काटेरी झुडपी रानात ते माणसाच्या दुप्पट उंच होतं आणि हत्ती ते आवडीनं खातात. हत्ती वरून फांद्या मोडतो, अर्ध्या खातो, अर्ध्या पायदळी पाडतो. पडलेल्या फांद्यांना मुळं फुटतात आणि रान पुन्हा दाटतं. फांदी मातीत खोचली की जगते, हा गुण त्याला हत्तींच्या सहवासात उपयोगी पडला आणि आपल्याला कुंडीत पडतो. पण एक फरक आधीच लक्षात घ्यायला हवा. त्या रानात पाऊस थोडा आणि वर्षभर कधीही पडणारा. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने तोंड दाखवत नाही. पडेगावात हे रोप उन्हाळ्यात क्वचित मरतं. बहुतेक रोपं ऑगस्टमध्ये जातात.

आता त्या पांढऱ्या काठाकडे. फांदीच्या अगदी टोकाला, भिंगाखालीच दिसेल एवढ्या शेंड्यात, वाढणाऱ्या पेशींचे थर असतात, एकावर एक, साधारण तीन. सगळ्यात वरच्या थरातून पानाची त्वचा तयार होते. त्याखालच्या थरातून पानाच्या कडेचा गर, आणि आतल्या थरातून मधला गर. समजा, दुसऱ्या थरातल्या एका पेशीत हरितद्रव्य बनवण्याची क्षमता गेली. तिच्या विभाजनातून होणाऱ्या सगळ्या पेशी तशाच. हळूहळू तो अख्खा थर तिच्या वंशजांनी भरला, की त्यापुढे येणाऱ्या प्रत्येक पानाची कड पांढरी आणि मध्य हिरवा. थर उलटा असेल तर मध्य पांढरा आणि कड हिरवी. पोर्तुलाकारियात तसाही एक प्रकार मिळतो, त्याला ‘मीडिओपिक्टा’ म्हणतात. म्हणजे कुंडीत दिसतं एक झाड, पण त्याच्या अंगात दोन वेगवेगळ्या वंशांच्या पेशी शेजारी शेजारी वाढत असतात. अशा झाडाला शास्त्रज्ञ किमेरा म्हणतात. एर्विन बाउर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं पांढऱ्या काठाच्या जिरेनियमवर काम करून १९०९ साली ही थरांची गोष्ट उलगडली.

त्याच वर्षी त्याच्याच देशातल्या कार्ल कोरेन्सनं दुसरं एक कोडं सोडवलं, आणि त्यासाठी त्यानं वापरलेलं झाड आपल्या परसात शतकानुशतकं आहे: गुलबक्षी. मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी कोरेन्स एक. गुलबक्षीच्या काही झाडांवर एक फांदी हिरवी, एक पांढरी आणि एक चट्ट्यापट्ट्यांची असते. कोरेन्सनं फांद्याफांद्यांवरच्या फुलांत अदलाबदलीनं पराग टाकले. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवंच उगवलं, मग पराग कुठल्याही फांदीवरचा असो. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरी रोपं आली आणि बियातली शिदोरी संपल्यावर मेली. पट्ट्यांच्या फांदीनं तिन्ही प्रकार दिले. बापाचा परिणाम शून्य, सगळं आईकडून. मेंडेलच्या हिशेबात हे बसत नव्हतं. हरितद्रव्य ज्या कणांत असतं ते कण बीजांडाच्या पेशीतून येतात, परागातून नाही, हे त्यामागचं कारण नंतर स्पष्ट झालं. परसात गुलबक्षी असेल तर पुढच्या पावसाळ्यात चट्ट्यांची फांदी शोधून तिचं बी वेगळं पेरून बघा. खर्च काही नाही.

सगळी चितकबरी पानं अशी बिघाडातून आलेली नसतात. ‘टायगर अलो’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या कोरफडीच्या पानांवर पांढरे ठिपक्यांचे पट्टे असतात. लिनियसनं १७५३ साली तिचं नाव अलो व्हेरिगाटा ठेवलं. ते ठिपके म्हणजे तिची जातच तशी; बी पेरा, ठिपके येतात. आपल्या पोर्तुलाकारियाच्या काठाला बियाची हमी नाही. तो फक्त शेंड्यातल्या थरांच्या रचनेत जिवंत आहे.

निगेचं बहुतेक सगळं गणित इथूनच निघतं. पांढरा भाग अन्न तयार करत नाही, तरी खातो. दोघं कमावणारे आणि सहा खाणारे अशा घरासारखी या झाडाची परिस्थिती असते. म्हणून ते साध्या हिरव्या पोर्तुलाकारियापेक्षा हळू वाढतं, आणि ते वाढत नाही म्हणून खत वाढवणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. नत्र जास्त झालं तर फांद्या लांब, लुसलुशीत आणि पडक्या होतात. पांढऱ्या भागाची कमाई खतानं वाढत नसते. वर्षातून दोनदा मूठभर जुनं गांडूळखत, एकदा दसऱ्यानंतर आणि एकदा होळीच्या सुमारास, एवढं पुष्कळ.

आणि मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी येते. नवशिका माळी खूश होतो: झाड सुधारलं! थरांची रचना त्या डोळ्यापाशी बिघडून हिरव्या पेशींनी शेंडा व्यापला, एवढंच झालेलं असतं. आता ती फांदी पूर्ण कमाईची. ती भराभर वाढणार, ऊन आणि मुळांचं पाणी ओढणार, आणि एका वर्षात काठाची फांदी तिच्या सावलीत सापडणार. हिरवी फांदी दिसताक्षणी तिच्या बुडापासून कापा, नुसता शेंडा खुडू नका, कारण खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच येईल. कापलेली फांदी दुसऱ्या कुंडीत खोचली की फुकटचं हिरवं पोर्तुलाकारिया मिळतं, आणि ते काठाच्या झाडापेक्षा दणकट निघतं. उलट, अधूनमधून एखादी फांदी पूर्ण पांढरी-गुलाबी येते. दिसायला ती सगळ्यात सुंदर. फोटो तिचाच काढला जातो. ती वेगळी लावली तर जगणार नाही. झाडावर ठेवली तर जगते, पण झाडाच्या जिवावर. एखादी ठेवायला हरकत नाही. दोनतीन झाल्या तर मी कापतो, आणि कापताना वाईट वाटतं हेही खरं.

या झाडाची दुसरी गंमत जिभेला कळते. पोर्तुलाकारियाचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं. संध्याकाळी चाखलं तर तो आंबटपणा बराच कमी झालेला असतो. (स्वतःच्या, औषध न फवारलेल्या झाडाचंच पान चाखा, आणि पान तोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या शेर-निवडुंगासारख्या कुठल्याही झाडाच्या वाटेला जाऊ नका.) ही चव सर्वांत आधी कागदावर आली ती भारतातून, आणि तीही आपल्या पानफुटीमुळे. बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या लालबागेचा कारभारही काही काळ त्याच्याकडे होता. पानफुटीचं पान पहाटे चुक्यासारखं आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि ते १८१५ साली छापलं गेलं. कारण समजायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि छिद्र उघडं म्हणजे पाण्याची वाफही बाहेर. पानफुटीसारखी झाडं छिद्रं रात्री उघडतात, वायू आम्लाच्या रूपात पेशीत साठवतात आणि दिवसा दारं लावून, आतल्या साठ्यावर, सूर्यप्रकाशात अन्न करतात. पहाटेपर्यंत आम्ल साठलेलं म्हणून पान आंबट. दिवसभरात ते वापरलं जातं म्हणून संध्याकाळी फिकं.

पोर्तुलाकारिया याहून लवचीक. पाणी मुबलक असेल तेव्हा ते साध्या झाडासारखं दिवसा छिद्रं उघडून चालतं. पाणी तुटलं की रात्रपाळी सुरू. पावसाळ्यात आपल्या शेतात उगवणारी घोळही अशीच, दुष्काळ पडला की रात्रपाळीला वळणारी. भाजी म्हणून खाताना आंबटसर लागणारी घोळ या झाडाची लांबची नातलग, आणि तिचीच सख्खी बहीण म्हणजे दारातली ‘ऑफिस टाइम’.

रात्रपाळीचं झाड थंड रात्री मागतं. पडेगावात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्या मिळतात: दिवसा भरपूर ऊन, कोरडी हवा आणि रात्री गारवा. हेच त्याचे सुगीचे दिवस. या काळात त्याला गच्चीवर उघड्या उन्हात ठेवा, आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या आणि कुंडीच्या भोकातून ते निथळू द्या. रोज घोटभर पाणी देण्याची सवय मात्र मोडा. वरची माती ओली आणि खालची मुळं कोरडी राहतात, आणि पांढरा क्षार कुंडीच्या काठावर साठतो.

मार्चपासून गणित बदलतं. पांढऱ्या कडेत उन्हापासून बचाव करणारी रंगद्रव्यं फार कमी असतात, म्हणून ती आधी भाजते: आधी पिवळसर पारदर्शक, मग तपकिरी, कागदासारखी. हिरवं पोर्तुलाकारिया पडेगावच्या मे महिन्यात गच्चीवर उघडं राहून तग धरतं. काठाचं धरत नाही. पूर्वेच्या भिंतीलगत, जिथे सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि नंतर सावली, ही त्याची उन्हाळ्यातली जागा. गच्चीच सोयीची असेल तर शेतकरी भाजीपाल्याच्या रोपांवर लावतात ती ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट वर ताणा. पश्चिमेची भिंत टाळा. सूर्य मावळल्यावरही ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि रोपाची थंड रात्र हिरावून घेते. स्लॅबवर टेकलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी हा आणखी एक शत्रू. दुपारी तिच्यातली माती तळहाताला चटका देईल इतकी तापते. दोन विटांवर कुंडी ठेवली की खालून हवा खेळते आणि मुळं वाचतात.

पाण्याची तहान आणि पाण्याचा अतिरेक यांत गल्लत होते, कारण दोन्हीत पानं गळतात. तहानलेल्या झाडाची पानं आधी पातळ होतात, सुरकुततात आणि तरीही फांदीला धरून असतात; पाणी दिल्यावर दोनतीन दिवसांत पुन्हा फुगतात. जास्त पाण्यानं पान फुगलेलंच राहतं, पिवळट काचेसारखं होतं आणि फांदी हलवली तर झरझर खाली पडतं. तेव्हा बुडाशी खोड दाबून बघा. मऊ आणि काळं लागलं तर मुळं कुजलेली आहेत. तिथे बुरशीनाशक ओतत बसण्यात अर्थ नाही. वरची टणक, आतून पांढरट-हिरवी दिसणारी फांदी कापून घ्या आणि नव्यानं सुरुवात करा. बाकीचं झाड गेलं, हे मान्य करायला लोक वेळ लावतात आणि त्या वेळात कूज वर चढते.

हे सगळं बहुधा पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली, आकाश झाकलेलं आणि हवा ओलसर, की ज्या झाडाचं अर्धं पान कमावतच नाही त्याची मुळं पाणी ओढेनाशी होतात. माती ओली ती ओलीच. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस मात्र त्याला खुशाल लागू द्या. उन्हाळाभर बोअरच्या जड पाण्यानं मातीत साठलेला क्षार हे स्वच्छ पाणी धुऊन नेतं. त्यानंतर कुंडी पन्हळीपासून दूर, छज्ज्याखाली किंवा व्हरांड्याच्या कडेला न्या, जिथे उजेड आहे पण पाऊस नाही. गणपतीपर्यंत पाणी जवळजवळ बंद.

मातीचंही इथेच सांगून टाकतो. काळी माती कापसाला उत्तम, कुंडीतल्या पोर्तुलाकारियाला वाईट. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते आणि नाजूक मुळं तोडते. मधल्या काळात दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. पडेगावात त्यावरचा उपाय पायाखालीच आहे. घराच्या पायाचा किंवा विहिरीचा मुरूम घ्या, चाळा, आणि चाळणीतून खाली पडणारी धूळ टाकून द्या. तीच पुढे थर धरून भोक बुजवते. चाळणीवर राहिलेला बाजरी-ज्वारीच्या दाण्याएवढा मुरूम दोन भाग, पोयटा माती एक भाग, भाजलेल्या विटांचे तुकडे एक भाग आणि थोडं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. रोपवाटिकेतून येणारी रोपं बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये असतात. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी नीट शोषत नाही आणि पावसात ओलं झालं की वाळत नाही, दोन्ही वाईट. घरी आल्यावर पहिल्या कोरड्या महिन्यातच रोप या मिश्रणात हलवा. मातीची कुंडी घ्यावी, प्लॅस्टिकची नको, असं माझं मत. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते आणि पावसाळ्यात तोच फरक पडतो.

नवी रोपं फांदीपासून करायची. एक-दोन वितींची फांदी कापा, खालची पानं काढा आणि ती सावलीत चार-सहा दिवस तशीच पडू द्या. जखम कोरडी झाली की मुरमाच्या मिश्रणात खोचा आणि आणखी आठवडाभर पाणी देऊ नका. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर हे महिने चांगले. फांदीवर पानांच्या बेचक्यात आधीच तयार डोळे असतात, त्यांच्यात तिन्ही थर जसेच्या तसे असतात, म्हणून काठ टिकतो. एकेकटं पान मातीवर ठेवून ही हमी मिळत नाही.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटनं हे अनेकांना शिकवलं आहे. त्याचा ‘लॉरेंटाय’ हा प्रकार एमिल लॉराँ या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ओळखला जातो आणि तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काँगोतून आला. त्याच्या पानाचे तुकडे करून लावले तर मुळं येतात, पिल्लंही येतात आणि सगळी हिरवी, काठाविना. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब आतल्या एखाद्या गटातल्या पेशींपासून फुटतो. थरांची रचना तिथे पुन्हा तयार होत नाही. काठ हवा तर बुंधा फोडून पिल्लू वेगळं करायचं. स्नेक प्लांटचे पानाचे तुकडे ‘पिवळ्या काठाचे’ म्हणून विकायला कोणी दाखवले, तर विकणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. माहीत असेल तर जास्त वाईट.

या झाडाला कीड फार नाही, एक सोडून. पिठ्या ढेकूण कापसाच्या कणांसारखा फांदीच्या बेचक्यात बसतो, रस शोषतो, आणि त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला फांदी-फांदीवर नेतात. हिरव्या पानावर तो लांबून दिसतो, मलईच्या काठावर नजरेतून सुटतो. म्हणून या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी पान उलटून बघा. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक पुसा. जास्त असतील तर निंबोळी तेल आणि साबणाचं पातळ पाणी, संध्याकाळी, आणि आधी एकाच फांदीवर. उन्हात तेल मारलं तर पांढरी कड जळते. याच कुळाच्या जवळच्या किड्यांनी दक्षिण भारतात एक मोठं काम केलं आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. इथे येऊन तो गायरानं आणि बांध व्यापून बसला. १७९५ साली किरमिजी रंग देणारा कीटक म्हणून कंपनीनं चुकून दुसराच कीटक आणला, आणि त्यानं निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली. उरलेल्या जातींसाठी १९२६ साली श्रीलंकेतून आणखी एक कीटक आणला गेला आणि निवडुंगाची रानंच्या रानं उठली. तण कीटकाकडून संपवण्याचा जगातला पहिला यशस्वी प्रयोग म्हणून ते १७९५ सालचं प्रकरण आजही सांगितलं जातं.

काठाच्या पानांचं सगळ्यात दणकट झाड मात्र कुंडीतलं नाही. ते बंगल्याच्या फाटकाशी आणि शेतघराच्या वाटेवर असतं: पिवळ्या काठाचा घायपात, म्हणजे केकताड. त्याच्या हिरव्या भावाचा वाख काढून शेतकऱ्यानं दोर वळले, काठाचा शोभेसाठी. दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. काठाच्या घायपाताला ना शेडनेट लागते, ना छज्जा, फक्त पाणी साचेल अशी जागा नको. मग एक दिवस मधून दांडा उठतो, घराच्या उंचीला जातो, फुलतो आणि झाड मरतं. बुडाशी आलेली पिल्लं राहतात. त्यांतली बहुतेक काठाची, एखादं हिरवं. त्याच्या रसानं अंगाला खाज सुटते आणि फोड येतात, म्हणून पिल्लं काढताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे घाला. टोकाच्या काट्यापासून डोळे सांभाळा. लहान मुलं खेळतात तिथे हे झाड लावूच नका.

हरितद्रव्य अजिबात नसलेलं झाड बघायचं असेल तर लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ कुठल्याही रोपवाटिकेत आहे. १९४१ साली जपानमध्ये ऐजी वातानाबे यांना बियांच्या रोपांत अशी लालसर रोपं सापडली. एकटी ती मेलीच असती. हिरव्या निवडुंगावर कलम केली म्हणून जगली. खालचा हिरवा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचा असतो, तोच जो आता मराठवाड्यात सिमेंटच्या खांबांवर शेतात चढवलेला दिसतो. खुंट जोरात वाढतो, गोळ्याला ते झेपत नाही, आणि काही वर्षांत दोघांची फारकत होते. त्याला झाड न म्हणता दीर्घकाळ टिकणारा पुष्पगुच्छ म्हणावं, म्हणजे तो गेल्याचं दुःख होत नाही.

खरेदीला जायचं तर पावसाळा संपल्यावर जा, दसरा ते दिवाळीच्या मधे. पोर्तुलाकारियाच्या रोपाची सगळ्यात पांढरी फांदी बघून भुलू नका; शेंड्यापाशी प्रत्येक नव्या पानात हिरवा मध्य आहे का, ते बघा. एकाच रोपावर दोनतीन फांद्यांवर काठ सारखा असेल तर थर स्थिर आहेत. बुडाशी हिरवी फांदी आधीच वर गेली असेल तर ते रोप सोडा. फांद्यांची बेचकी उघडून ढेकूण बघा, पिशवी दाबून माती चिकट-ओली नाही ना, ते बघा. रोपवाटिकावाला पिशवीतून रोप बाहेर काढून मुळं दाखवायला तयार नसेल, तर त्याच्याकडून रोप घेऊ नका, एक फांदी मागा. छाटणीची फांदी बरेच जण तशीच देतात.